प्रार्थनेत दिलेला नकार

माझ्या मुलाने मला न विचारता मला प्रार्थनेच्या विषयात घातलं, तेही मी घरभर माणसांसाठी कटलेट तळून उठल्यावर. त्या रागातच हे लिहायला बसले आहे. कुठे आवाज चढला तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. नाही घेतलं तरी चालेल, या वयात मी कुणाच्या परीक्षेला बसलेली नाही.

आधी प्रार्थनेचा विषय म्हणजे काय ते सांगते. इथे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात, आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांचं स्वतःचं चर्च नाही. एक शनिवार आड कुणाच्या तरी घरी मंडळी जमते. कुणी नगरचं, कुणी नागपूरचं, कुणी मुंबईचं. सगळे आठवडाभर कंप्युटरपुढे नाहीतर औषधकंपन्यांत बसणारे. दाराशी बुटांचा ढीग, आत दोन गीतं, थोडं वचन, आणि मग एकेकाने आपापला विषय मांडायचा. कुणाचं व्हिसा स्टॅम्पिंग, कुणाच्या सासऱ्यांचा गुडघा, कुणाच्या टीममधला ले-ऑफ. विषय मांडला की त्यावर कुणी वाद घालत नाही, असं का करताय म्हणून विचारत नाही. सगळे डोळे मिटतात. एखादी गोष्ट गुपचूप पक्की करून टाकायची असेल तर याहून सोयीची जागा नाही. वकीलसुद्धा आधी दोन प्रश्न विचारतो.

तर माझा मुलगा गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाला, "आई मे-एंडला परत जातेय. आणि, प्रेज द लॉर्ड, आमची छोटी पण तिच्याबरोबर नगरला जातेय. दीड-दोन वर्षं. सो, प्रवासासाठी, छोटी नीट ॲडजस्ट व्हावी म्हणून, आणि आईला शक्ती मिळावी म्हणून प्रार्थना करा."

छोटी म्हणजे माझी नात. तिचं तिसरं अजून लागायचं आहे. लग्नानंतर फार वर्षं वाट पाहून झालेली मुलगी. ती त्या वेळी दाराशी बसून कुणाच्या तरी बुटात द्राक्षं भरत होती.

मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात चहाचा ट्रे. मला हे पहिल्यांदाच कळत होतं. सुनेकडे पाहिलं. ती गालिच्याकडे पाहत होती.

"आजी आहे म्हणून केवढं ब्लेसिंग ना!" नागपूरची एक बाई म्हणाली. "आम्ही पण मोठ्याला पाठवलं होतं माझ्या आईकडे. रांगत होता तेव्हा. काही कळत नाही हो मुलांना."

काही कळत नाही! ट्रे खाली ठेवला नसता तर चहा तिच्या अंगावर गेला असता.

मुलांना काही कळत नाही, हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. तेव्हा ते इंग्रजीत होतं, आणि म्हणणारे लोक देवाचे खास लोक होते.

मी नर्स. लग्नानंतर आमचे हे आणि मी झांबियातल्या एका मिशनच्या दवाखान्यात कामाला गेलो. हे औषधांच्या खोलीत, मी बाळंतिणींच्या वॉर्डात. शहर लांब, रस्ता कच्चा, भोवती विरळ जंगल आणि माणसापेक्षा उंच वारुळं. आवारात काही अमेरिकन मिशनरी कुटुंबं, आणि आम्ही.

त्या वेळची मी कशी होते? तरुण आणि मूर्ख, आणि त्यातलं दुसरं जास्त. निघण्याआधी नगरच्या चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली, की मी काळोखात दिवा लावायला चालले आहे. गळा दाटून आला होता. माझाच, दुसऱ्या कुणाचा नाही. आणि या दिवेवालीचं स्वागत तिथल्या बायकांनी चार सुरांत गीत म्हणून केलं. त्यांच्या आज्यासुद्धा ख्रिस्ती होत्या. मी सूर धरायला गेले तेव्हा माझ्या पुढची बाई हसू दाबण्यासाठी डोक्याचं फडकं पुन्हा पुन्हा बांधत होती.

मिशनरी बायका घालतात म्हणून मी साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालायची. तिथली माती तांबडीलाल. बूट विटेच्या रंगाचे झाले, तरी मी रोज सकाळी शाळेतल्या पोरीसारखी त्यांना खडू फासून निघायची. आणि 'ओ माय गुडनेस' म्हणायला शिकले होते. बाई कळा देतेय आणि मी उशाशी उभी राहून ओ माय गुडनेस. आमचे हे म्हणायचे, "अगं, ती बिचारी घाबरून मूल आत घेईल. 'अगं आई गं' म्हण, ते तिला जास्त कळेल."

काम एकच होतं, देवही तोच. पण ती 'मिशनरी कुटुंबं' आणि आम्ही 'मदतनीस'. रविवारी ती एकमेकांकडे पाळीपाळीने जेवत. आमची पाळी नाताळात यायची, करी करून आणायला. आणि मी बावळट, त्या दिवशी पहाटे उठून मसाला भाजायची, गाणं म्हणत. आज आठवलं की वाटतं त्या पातेल्यात मूठभर मीठ जास्त टाकायला हवं होतं.

त्या आवारातली गोरी मुलं सगळ्या मिशनरी बायकांना आंटी म्हणायची आणि पुरुषांना अंकल. घर सोडून आलेल्या लोकांचं तेच कुटुंब. आपल्याकडे शेजारीण मावशी होते तसंच. मला ते फार गोड वाटायचं. मला मात्र ती नुसतं 'नर्स' म्हणायची.

आणि मूल सहा वर्षांचं झालं की त्याला शाळेत पाठवायचं. ही शाळा म्हणजे मिशनरी मुलांची निवासी शाळा, ट्रकने दोन दिवसांच्या वाटेवर, थंड डोंगराळ भागात. हे कुणी ठरवत नसे; ते ठरलेलंच असे. आईबापांना देवाची हाक आली आहे, मग मुलांचं काय? मुलांना शाळा आहे. मुलांना काही कळत नाही. लवकर रुळतात.

दवाखान्याच्या अमेरिकन डॉक्टरांची थोरली मुलगी गेली तेव्हा तिच्या कपड्यांवर नाव शिवायचं काम तिच्या आईने आणि मी मिळून केलं. माझा टाका बारीक, म्हणून मला बोलावलं होतं आणि मी फुशारून गेले होते. प्रत्येक मोजा, प्रत्येक रुमाल, प्रत्येक चड्डी. डॉक्टरांची बायको सुईत दोरा ओवताना वर बघत नसे.

ट्रक आला तेव्हा सगळं आवार जमलं. नियम एकच: रडायचं नाही. मुलांना सांगून ठेवलेलं असायचं की तुम्ही रडलात तर आईबाबांचं देवाचं काम अडेल. म्हणून सगळ्यांनी गीत म्हणायचं. ट्रक धुरळ्यात दिसेनासा होईपर्यंत मुलं मागच्या फळीला धरून गात होती. त्या मुलीच्या फ्रॉकच्या खिशात एक सरडा होता. निघताना तो बाहेर आला आणि पाद्रीसाहेबांच्या हॅटवर जाऊन बसला.

ही गोष्ट मी पुढे आयुष्यभर सांगितली. नगरला महिला मंडळात, इथे कॅरीत जेवणाच्या टेबलांवर. सरडा हॅटवर चढला की लोक पोट धरून हसायचे, आणि मग कुणीतरी म्हणायचं, "कसली धीराची मुलं ना!" माझ्या मुलाने ती इतक्यांदा ऐकली आहे की हॅटचा भाग तो माझ्याआधी सांगतो.

तर आता कॅरीतली ती संध्याकाळ. सगळ्यांत वयाने मोठी म्हणून शेवटची प्रार्थना मला सांगतात. सगळ्यांनी डोळे मिटले. मी उभी.

आणि खरं लिहायचं तर त्या क्षणी मनात पहिला आला तो नकार नव्हता. पहिल्यांदा वाटलं, घेऊन जावं. नगरच्या घरात मी आणि रेडिओ. हे गेल्यापासून एक वाटी भात करते आणि तोही उरतो. हिला घेऊन गेले तर सकाळी कुणीतरी माझी पावडर सांडेल, दुपारी झोपायला नाही म्हणेल, रात्री पाय माझ्या पोटावर टाकेल. लोक म्हणतील मी मुलासाठी केवढं करते. माझ्यापुढे तर ते खाऊसारखं धरलं होतं. हात पुढे करायचा तेवढा बाकी होता.

म्हणूनच जास्त राग आला.

"हे दयाळू स्वर्गीय पित्या," मी सुरुवात केली. "आजच्या संध्याकाळबद्दल तुझे उपकार मानतो. स्टॅम्पिंगचं बघ. गुडघ्याचं बघ. ज्यांची नोकरी जायची भीती आहे त्यांना सांभाळ. आणि पित्या, माझ्या मुलाने मला न विचारता तुला काहीतरी सांगितलं आहे, ते तू मनावर घेऊ नकोस. मी छोटीला घेऊन जाणार नाही. तिला आई आहे, बाप आहे, दोघं धडधाकट आहेत. तुला हे ठाऊकच आहे, त्यांना जरा आठवण करून दे. येशूच्या नावाने मागते. आमेन."

आमेन कुणी म्हणेना. दाराशी छोटीचं 'आमेन' मात्र खणखणीत वाजलं. आमेननंतर केक मिळतो हे तिला माहीत आहे.

मंडळी त्या दिवशी लवकर पांगली. एरवी तासभर दारात उभं राहून ग्रीन कार्डावर बोलणारे लोक, फॉइलमध्ये कटलेट घेऊन घाईघाईने गाडीत बसले. एकाच्या बुटातून द्राक्ष निघालं, तेही तो तसंच खिशात घालून गेला.

दार लागलं आणि मुलगा माझ्याकडे वळला.

"आई, व्हॉट वॉज दॅट? सगळ्यांसमोर?"

"तू कुणासमोर सांगितलंस?"

"मी प्रेयर मागितली."

"मी पण प्रेयरच केली."

"यार, आई, हा जोक नाहीये!"

"मग हसतंय कोण?"

सून सिंकपाशी पाण्याचा नळ सोडून कढई घासत होती. कढई केव्हाच स्वच्छ झाली होती.

मुलगा खुर्चीवर बसला आणि आपली बाजू सांगू लागला. ती काही खोटी नव्हती, तेही लिहिते. सुनेला कंपनीत पहिल्यांदाच स्वतःचं औषध, म्हणजे त्याच्या चाचणीचं सगळं काम, हाताखाली टीम. याचा ऑन-कॉल, मध्येच फोन वाजला की ताटावरून उठायचं. डेकेअरमध्ये घातलं की पोरीला दर पंधरवड्याला ताप, मग दोघांपैकी एकाने घरी बसायचं, आणि कुणी बसायचं यावरून भांडण. मी होते तोवर निभावलं. माझी राहण्याची मुदत मेमध्ये संपते. व्हिसावर असलेल्या माणसाने बॉसला किती वेळा 'मूल आजारी आहे' सांगायचं?

"आणि ती काय परक्याकडे चाललीय?" तो म्हणाला. "आजीकडे चाललीय. आम्ही रोज व्हिडिओ कॉल करू. त्या मिशनरी मुलांना तर बोर्डिंगला टाकायचे, तूच सांगतेस. गाणी म्हणत गेली. सगळी सेटल झाली ना नंतर? डॉक्टर झाली, प्रोफेसर झाली. आणि तुला एवढा प्रॉब्लेम होता, तर मला त्या शाळेत घेतलं नाही म्हणून तू का रडली होतीस? बाबांनीच सांगितलंय मला."

त्याने नेम बरोबर धरला होता. हा मुलगा तिथेच जन्मला. मी ड्यूटीवर असताना चादरींच्या टोपलीत झोपायचा, आणि चालायला लागल्यावर माझ्या पदराला धरून वॉर्डभर फिरायचा. तो सहा वर्षांचा व्हायला आला तेव्हा मी पांढऱ्या बुटांना खडू लावून डॉक्टरांच्या बायकोकडे गेले आणि विचारलं, याला तुमच्या शाळेत घालता येईल का. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ती आमच्या मुलांसाठी आहे. तुझ्या मुलाला तर तू आहेस."

मी घरी येऊन थयथयाट केला. आपला मुलगा काय कमी आहे? रंगाने कमी आहे म्हणून ना? रंगाची गोष्ट खोटीही नव्हती. शाळा त्यांचीच होती आणि दारही त्यांचंच होतं. त्याचा राग मला आजही आहे. पण मी रडत होते ती कशासाठी? माझं पोर माझ्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर कुणी नेलं नाही म्हणून! अशी बाई तुम्ही पाहिली आहे का? कसायाने आपली शेळी नाकारली म्हणून रुसणारी? यांनी तेव्हा एवढंच विचारलं, "तिच्या दोन वाक्यांपैकी दुसरं ऐकलंस का?" मी म्हटलं, तुम्ही मध्ये बोलू नका.

"रडले होते," मी मुलाला म्हटलं. "गाढव होते म्हणून रडले होते. आता सरड्याच्या पुढची गोष्ट ऐक."

"पुढे काय आहे?"

"पुढे ती परत आली."

सत्र संपलं तेव्हा ट्रक आला. डॉक्टरांच्या बायकोने सकाळपासून केक केला होता, चांगला फ्रॉक घातला होता, फाटकाशी उभी होती. मीही होते, गर्दी करायला. मुलगी उतरली. पाय लांब झालेले, केस कापलेले. ती सरळ आईपुढे आली, हात पुढे केला आणि पाहुण्यासारखी म्हणाली, "हॅलो, आंटी. मला बोलावल्याबद्दल थँक यू."

शाळेत सांभाळणारी बाई आंटी. खायला देणारी आंटी. दार उघडणारी प्रत्येक बाई आंटी. तिने आपल्या आईलाही तीच जागा दिली होती, चांगल्या वळणाच्या मुलीसारखी.

आई हसली. रडायचं नाही हा नियम तिलाही होता. "यू आर वेलकम," म्हणाली. मुलीला घरात नेलं, केक दिला. थोड्या वेळाने मी वॉर्डात चादरी आणायला गेले, तर कपाटाच्या मागे डॉक्टरांची बायको उभी होती. धुतलेली चादर तोंडात कोंबून. आवाज बाहेर येऊ नये म्हणून. मला पाहून तिने चादर काढली, घडी घालायचा प्रयत्न केला, आणि माझ्या हातात दिली.

"मग तू काय केलंस?" मुलाने विचारलं.

"चादर पुन्हा धुवायला टाकली. नर्स होते मी."

 नळ अजून चालू होता.

"ती मुलगी हळूहळू पुन्हा मम्मी म्हणायला लागली," मी म्हटलं. "तोवर सुट्टी संपली. पुन्हा ट्रक, पुन्हा गाणं. डॉक्टर झाली, हे खरं आहे. मला नाताळाला कार्ड पाठवायची. आईबापांकडे क्वचित जायची, तेही हॉटेलात उतरून."

"आई, पण हे वेगळं आहे. तू आंटी नाहीयेस. तू आजी आहेस."

"तेच तर! आंटीला मूल विसरतं. मला नाही विसरणार. दोन वर्षांनी तू न्यायला येशील. विमानातून उतरून, चॉकलेटं घेऊन. ती माझ्या साडीमागे लपेल. फोनमधला बाबा बाहेर आला म्हणून किंचाळेल. तेव्हा तिची बोटं माझ्या पदरातून कोण सोडवणार? तू? मलाच सोडवावी लागतील. एकेक बोट. आणि तिला सांगावं लागेल, रडू नकोस, बाबांचं काम अडेल. तुझ्या ट्रकमध्ये तिला मी चढवायची? नाही चढवणार. मला ती हवी आहे, हे काय तुला कळत नाही? मला ती तुझ्यापेक्षा जास्त हवी आहे, म्हणून नेणार नाही."

आवाज फार चढला असावा. वरच्या खोलीतून छोटी ओरडली, "आज्जी, टू लाऊड!"

सुनेने नळ बंद केला. हात न पुसताच वळली. "मी सोडते प्रोजेक्ट," म्हणाली. "सोमवारी सांगते मॅनेजरला."

आणि माझा मुलगा, माझ्या पोटचा, सुटल्यासारखा श्वास घेऊन म्हणाला, "आर यू शुअर?"

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. तिथेही हेच होतं! हाक डॉक्टरांना आली होती. मोज्यांवर, रुमालांवर आणि चड्ड्यांवर नावं बायकोने शिवायची होती. ती प्रसूतीच्या कामात नवऱ्यापेक्षा हुशार होती, अडलेलं मूल कसं वळवायचं ते मला तिनेच शिकवलं, पण तिला हाक आली का, हे देवानेही विचारलं नसावं.

"तू का सोडायचं?" मी सुनेला विचारलं.

"मग कोण, आई?" ती माझ्याशी कधी वर आवाज करून बोललेली नाही. त्या दिवशी बोलली. "तुम्ही बरोबर बोललात. मला पण तिला पाठवायचं नव्हतं. मी रात्ररात्र जागी आहे. पण तुम्ही प्रार्थनेत नाही म्हणून मोकळ्या झालात, आणि मेमध्ये निघून जाल. पंधरवड्याला ताप येणार, तो मलाच बघायचाय. मला तुमचा पण राग येतो."

"ये, काढ माझ्यावर," मी म्हटलं. "पण अर्धाच काढ. अर्धा त्या खुर्चीवर बसलाय, त्याच्यासाठी ठेव. पोरीला ताप आला की फोन आधी तुला का येतो? त्याला काय कान नाहीत?"

"आई, माझा ऑन-कॉल—" मुलगा म्हणाला.

"तुझी हाक, माहीत आहे."

तो उठून वर गेला. पुढचे कितीतरी दिवस घरात आम्ही तिघं तीन देशांसारखे राहिलो. एप्रिल होता, पाइनच्या परागांची पिवळी पूड गाड्यांवर, खिडक्यांवर, पायऱ्यांवर साचलेली. मुलगा रोज सकाळी गाडीची काच पुसायचा आणि माझ्याशी बोलायचा नाही. सून बोलायची, पण कामापुरतं. एकटी छोटी सगळ्यांशी बोलत होती, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, आणि मधलं तिचं तिलाच ठाऊक.

एका सकाळी पोहे खाताना मुलगा ताटाकडे बघत म्हणाला, "टीम बदलून घेतली. नो ऑन-कॉल. काम बोअरिंग आहे, आणि पुढच्या वर्षीचं प्रमोशन गेलं. हिचं प्रोजेक्ट राहील. डेकेअरच्या फॉर्मवर पहिला नंबर माझा टाकलाय. खूश?"

"खूश कशाला होऊ? स्वतःचं मूल सांभाळणाऱ्या बापाला हार घालायचा का?"

"आई, तू ना, अशक्य आहेस."

"पोह्यांवर लिंबू पिळ."

सून चहा पितापिता खोकली. ते हसू होतं, असं मला वाटलं. विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी मंडळीत बातमी पोचली होती. नागपूरच्या त्याच बाईने माझे दोन्ही हात धरले. "मावशी, बघा, प्रभूने कसा मार्ग उघडला!"

"प्रभूने नाही हो उघडला," मी म्हटलं. "मी आडवी पडले होते, माझ्यावरून जाता येईना म्हणून हा वळसा घालून गेला."

ती हसली, पण हात सोडला नाही. बाकीचे चहा घ्यायला गेले तेव्हा हळूच म्हणाली, "आमचा मोठा परत आला ना मावशी, तेव्हा सहा महिने माझ्या हातचं जेवला नाही. त्याच्या बाबांना वाटतं तो पिकी ईटर आहे." मग चटकन वळून पेपर प्लेट मांडायला लागली. त्या ट्रेमधला चहा अंगावर ओतल्याबद्दल मला तिची माफी मागावीशी वाटली, जो मी ओतलाच नव्हता. आणि ज्याने तिला 'काही कळत नाही' हे पहिल्यांदा शिकवलं, त्याच्यावर ओतावासा वाटला. पण ते कुठे एका माणसाने शिकवलेलं असतं?

मेच्या शेवटी निघाले. जवळच्या रॅली शहराच्या विमानतळावर मुलाने सोडलं, छोटी मागच्या सीटवर. सून तिच्या मीटिंगमध्ये होती, आणि मला त्याचं बरं वाटलं. गाडीत तो फक्त दोनदा बोलला, पासपोर्ट घेतलास का, आणि औषधं कुठल्या बॅगेत आहेत. मीही त्याला आयता विषय दिला नाही. आम्ही अजून भांडलेलेच होतो.

दाराशी ट्रॉली आणली. त्याने माझ्या बॅगा चढवल्या, तर छोटी गाडीतून उतरून बॅगांवर जाऊन बसली. पाय हलवत म्हणाली, "लेट्स गो, आज्जी. मी पण."

मी हात लावला नाही. दोन्ही हात पर्सच्या पट्ट्याला घट्ट धरून उभी राहिले. लावला असता तर सोडवला नसता.

मुलाने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. वाकून तिला उचललं. ती ताठ झाली, लाथा झाडल्या, त्याच्या चष्म्यावर चापट मारली, आणि सगळ्या विमानतळाला ऐकू जाईल अशी रडायला लागली. तो तिला गप्प कर म्हणाला नाही. तिला छातीशी धरून, वाकडा चष्मा तसाच ठेवून म्हणत राहिला, "नाही पिल्लू, तू बाबाबरोबर घरी यायचंस. यू आर कमिंग होम विथ मी."

मला बाय म्हणायचं राहूनच गेलं त्याचं. मीही ट्रॉली ढकलत आत गेले.